एकच पांढरा रुपया

समजा, तुमच्या तळहातावर चांदीचा जुना रुपया आहे, तव्यासारखा काळा. समोरच्या वाटीत आंबूस वासाचं रसायन आहे. रुपया बुडवायचा, पाच अंक मोजायचे आणि बाहेर काढायचा. बुडवाल?

उपेंद्र गर्गे यांनी नक्की बुडवला असता. नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तेहतीस वर्षं सहायक म्हणून काढली. काचेवर पाण्याचा एक थेंब वाळलेला दिसला तरी त्यांना चैन पडत नसे. निवृत्त झाल्यावर त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला, आणि नाणीही ते परीक्षानळ्यांसारखीच लख्ख ठेवू लागले.

त्यांच्या पंचवटीतल्या घरी हरसूलच्या फुलाबाई दर मंगळवारी नागली, म्हणजे नाचणी, विकायला घेऊन येत. एका मंगळवारी त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेली माळ काढली. अकरा रुपये, प्रत्येकाला डाक देऊन, म्हणजे धातू वितळवून सांधून, बसवलेली कडी.

"मास्तर, माझ्या आयची हाय. नातीचं, पल्लवीचं लगीन हाय पुढल्या सोमवारी. पेटीत राहून पार काळी पडली. अशी घालून मांडवात कशी जाईल पोरगी?"

"काही काळजी करू नका. पाच मिनिटांचं काम आहे," उपेंद्र उत्साहाने म्हणाले.

"आधी एकच बुडवून बघा," त्यांच्या पत्नी कुसुमताई आतून म्हणाल्या. "तुमच्या पाच मिनिटांत माझा तांब्याचा तांब्या गुलाबी झाला होता."

उपेंद्रांनी एकच नाणं बुडवायचं ठरवलं. कोणतं? अर्थात सगळ्यात काळं. प्रयोगशाळेतही सगळ्यात मळकं भांडं ते आधी घ्यायचे. माळेतून काढून त्यांनी तो रुपया कडीसकट रसायनाच्या वाटीत सोडला.

काळेपणा क्षणात गेला.

"लय गोरा झाला की!" फुलाबाई हसल्या. मग त्यांनी तो उजेडात धरला. त्याला चकाकी नव्हतीच. भिंतीला चुना फासावा तसा मेलेला पांढरेपणा होता. डाक दिलेल्या जागेतून हिरवट पाणी झिरपत होतं.

उपेंद्रांनी भिंग लावलं. साल १९४४. युद्धाच्या काळातल्या रुपयात चांदी जेमतेम निम्मी. उरलेल्यात मुख्य तांबं, म्हणून तर तो सगळ्यात काळा झाला होता. रसायनाने वरवरचं तांबं खाल्लं होतं आणि डाकेच्या फटीतही शिरलं होतं. नाण्यांच्या पुस्तकात त्यांनी हे वाचलं होतं. पण साल बघायच्या आधीच हात मळाकडे गेला होता.

"फुलाबाई, चुकलो मी," ते म्हणाले. "काळा थर म्हणजे नुसता मळ नसतो. चांदीचीच वरची साय असते ती. मी सायच काढून टाकली."

"आता परत घाला ती!"

"ते माझ्या हातात नाही."

फुलाबाई थोडा वेळ माळेवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आय रोज घालायची. शेतात, बाजारात. कधी धुतली नाय, तरी झळकायची."

"अंगावर घासून घासून त्या सायीलाच झळाळी येते," उपेंद्र हळूच म्हणाले.

उरलेले दहा रुपये त्यांनी रसायनाजवळही नेले नाहीत. कोमट पाण्यात बुडवले, मऊ मलमलीने नुसते टिपले. ते काळसरच राहिले, पण वरची धूळ गेल्यावर राजाराणीचे चेहरे स्पष्ट दिसू लागले. पांढरा रुपया त्यांनी दिवसभर पाणी बदलत भिजवला, डाक सोनाराकडून पुन्हा पक्की करून घेतली आणि तो माळेत जागच्या जागी बसवला.

लग्नाला उपेंद्र आणि कुसुमताई दोघं हरसूलला गेले. पल्लवीच्या गळ्यात माळ होती. बाया वाकून वाकून पाहत होत्या.

"ह्यो एकच पांढरा कसा गं?" एकीने विचारलं.

"त्यो मास्तरांचा हाय," फुलाबाई म्हणाल्या, आणि मांडवात खसखस पिकली. उपेंद्रांचे कान लाल झाले, पण हसले तेही.

जेवण झाल्यावर पल्लवी पाया पडायला आली, तेव्हा त्यांनी आशीर्वाद दिला आणि वर म्हणाले, "माळ पेटीत नको ठेवूस हं बाळा. घालत जा."

आता दर मंगळवारी नागली मोजून घेताना ते फुलाबाईंना आधी तेच विचारतात: पल्लवी माळ घालते ना? रोज घातली, तर त्या एका रुपयावर पुन्हा साय धरायला किती वर्षं लागतील?