सुभेदारांच्या घरचा धूर

कुणाच्याही घरी गेले की सुभेदार आधी बसायचे नाहीत. चपला काढून थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जायचे, कोपऱ्यातल्या रॉकेलच्या डब्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, आवाज कान देऊन ऐकायचे आणि मग घरातल्या बाईला विचारायचे, "तिकडं आखातात काय झालं तर तुमी च्या कशावर करनार?"

ती बिचारी चहाच टाकायला उठलेली असायची. ती नवऱ्याकडे बघायची, नवरा माझ्याकडे. मी तेव्हा पंचायत समितीत शेती खात्याकडे होतो आणि गोबरगॅसची योजना माझ्या गळ्यात पडली होती. फौजेतून परतलेले सुभेदार गॅसच्या टाकीचे घुमट बांधायचं काम शिकून घेऊन आमच्या योजनेत आले होते. रहिमतपूरच्या आसपासची गावं आम्ही दोघांनी पालथी घातली. ते खरंच सुभेदार होऊन निवृत्त झाले की हवालदारच राहिले, यावर त्यांच्या गावच्या पारावर दोन मतं होती. पण त्यांची बायकोसुद्धा त्यांना सुभेदारच म्हणायची, त्यामुळे आम्हीही म्हणायचो.

कुवेतच्या लढाईचे ते दिवस. रॉकेलसाठी दुकानापुढे डब्यांच्या रांगा लागायच्या. त्यामुळे आखाताचा प्रश्न लोकांना अगदीच परका वाटत नसे. आणि सुभेदारांना तर तो अंगावर आलेला प्रश्न होता. बर्फातल्या एका ठाण्यावर रॉकेलची पिंपं वेळेवर पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट ते दर गावात सांगायचे. "बंदूक व्हती, गोळ्या व्हत्या, पन च्याचं पानी गरम हुईना. तवा कळलं, दुसऱ्याच्या तेलावर जगनारा मानूस लढायच्या आधीच गार पडतो." मग समोरच्या गोठ्याकडे हात करून म्हणायचे, "ही म्हस न्हाई, ही तेलाची इहीर हाय." म्हैस निर्विकारपणे रवंथ करत असायची.

स्वतः सायकलवर फिरायचे. "लुना घ्या की आता," मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "ती पेट्रोल पिनार. मी भाकरी खातो, तेवढ्यात दोघांचं भागतं." त्यांच्या मागून माझी सरकारी मोटरसायकल धूर सोडत जायची. चढ आला की ते मागे वळून तिच्याकडे असं बघायचे की मलाच गाडीवरून उतरून ढकलावीशी वाटायची.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. त्याचं म्हणणं बरोबर असतं, आणि ते बरोबर आहे याची त्याला जरा जास्तच खात्री असते.

सुभेदारांच्याच गावात, अगदी टोकाच्या घरात आक्का राहायच्या. साठी उलटलेली बाई. चुलीच्या धुराने डोळे कायम लाल. सगळ्या गावाने गॅस बसवला तरी त्या तयार होईनात. शेणावरचा गॅस म्हणजे भाकरीला वास येणार, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. सुभेदारांनी त्यांचा अक्षरशः पिच्छा पुरवला. शेवटी म्हणाले, "आक्का, धुरानं डोळं गेलं तर नातवंडाचं त्वांड कसं बघशीला?" तिथे आक्का हरल्या.

शेगडी पेटली त्या दिवशी मी तिथे होतो. निळी ज्योत आली तशी सुभेदारांनी तिला चक्क सलाम ठोकला. मग पहार मागवली. जुनी चूल घरात राहू द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. "जुना मोर्चा तसाच ठिवला की मानूस माघारी पळतो," असं म्हणत त्यांनी आपल्या हाताने आक्कांची चूल फोडली.

चुलीच्या बरोबर वर, काळ्याकुट्ट वाशाला जोंधळ्याच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. बियाणं. धुराने माखून तीही काळी झालेली. आक्कांनी त्यांच्याकडे बघत विचारलं, "आन् आवं सुभेदार, ह्यास्नी धूर कुठला?"

"बी पुड्यातनं मिळतंय आता, आक्का," सुभेदार म्हणाले. "त्या कनसांचं लय लाड झालं." आणि ते हसले. मीही हसलो. भिंतींना चुना लागला, घर उजळलं. आमच्या खात्याच्या यादीत आणखी एक घर वाढलं.

पावसाळा सरता सरता शाळू पेरायच्या वेळी आक्कांचा निरोप आला. आम्ही गेलो. त्यांनी आदळआपट केली नाही, आवाजही चढवला नाही. एक कणीस सुभेदारांच्या तळहातावर ठेवलं. सुभेदारांनी ते चोळलं, तसा नुसता पिठाचा भुगा हातावर उरला आणि त्यातून सोंडेकिडे चालू लागले. बाकीच्या जुड्यांचीही तीच गत; धूर बंद झाला तशी कीड शिरली होती. एकही दाणा पेरण्याजोगा राहिला नव्हता. तो जोंधळा आक्कांच्या सासूबाईंच्या हातचा. त्याची सकाळची भाकरी संध्याकाळीही मऊ राहायची, म्हणून दिवसभर रानात असणाऱ्या त्या घरात दुसरा जोंधळा कधी पेरलाच नव्हता.

"याला काय करता येतंय का बघा," आक्का म्हणाल्या. सुभेदार हातावरच्या भुग्यात बोटाने धड दाणा शोधू लागले, तेव्हा त्याच पुढे म्हणाल्या, "तुमचा काय दोस? डोळं तर बरं झालं की माझं."

शिव्या घातल्या असत्या तर सुभेदारांनी त्या सहज पचवल्या असत्या. हे वाक्य मात्र त्यांना पचलं नाही. वाटेत मी समजूत घालत होतो. कीड काय, कुठेही लागते. खात्याकडे सुधारित बियाणं आहे, उताराही जास्त येतो. ते सायकल हातात धरून चालत होते. मग म्हणाले, "सायेब, पेरायला कायतरी मिळंल हो. पन ते आक्काचं नसंल. चूल मी फोडली. तिनं इचारलं व्हतं मला, आन् मी हसलो."

ते "मी हसलो" म्हणाले, "आपण हसलो" नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्यानंतर डब्यावरची टकटक थांबली. घुमट बांधणं चालूच होतं, पण आता घरात शिरले की ते आधी वर बघायचे आणि विचारायचे, "वाशाला काय टांगलंय?" टांगलेलं असेल तर त्याची दुसरी सोय होईपर्यंत चुलीला हात लावायचे नाहीत. कामं रखडू लागली. माझं उद्दिष्ट मागे पडलं, वरून विचारणा झाली आणि मी त्यांच्यावर चिडलो. "एका म्हातारीच्या कणसांपायी देशाची योजना अडवता काय?" मी त्यांचंच हत्यार त्यांच्यावर चालवलं. त्यांनी मान खाली घातली, पण वर बघायचं सोडलं नाही.

आक्कांची लेक जतकडे दिलेली. लग्नानंतर तिने माहेरचं थोडं बी सासरी नेलं होतं, हे सुभेदारांना कुठूनसं कळलं. एसटीने सांगली, सांगलीहून जत असे ते गेले. परत आले तेव्हा फौजेतली हिरवी पिशवी मांडीवर होती आणि तिच्यात टॉवेलात गुंडाळलेली चार कणसं. सगळ्या वाटेत त्यांनी ती एसटीतल्या वरच्या फळीवर ठेवली नव्हती.

"डिझेल जाळून आनलंय," ते ओशाळून म्हणाले. मग तिथली हकिगत सांगितली. लेकीचं स्वयंपाकघर धुराने भरलेलं. तिचे डोळे आईसारखेच लाल. तिने विचारलं, "तुमी गॅसवालं न्हवं? आमच्याकडं कवा बसवनार?"

"मग? काय सांगितलंत?"

"वर बघितलं. तिथं ही कनसं टांगलेली." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "तिनं वाढलं व्हतं, सायेब. घास गिळला आन् उठलो."

महिनाभरात त्यांनी स्वतःच्या घरामागच्या छपरात एक चूल घातली. तिच्यावर काहीच शिजत नव्हतं. ती फक्त धुरासाठी होती. वर बांबू आडवे बांधले आणि गावातल्या ज्यांच्या ज्यांच्या चुली त्यांनी फोडल्या होत्या, त्यांना सांगून आले, बियाणं माझ्याकडे आणून टांगा. लोक आधी हसले, मग जुड्या घेऊन आले. मक्याची कणसं आली, शाळू आला, कुणी लसणाच्या माळाही अडकवल्या. सुभेदारीणबाई मात्र पदराने नाक धरून कावायच्या, "सगळ्या गावाचा धूर घालवला आन् माज्या दारात आनून ठिवला!"

गंमत बघा, सगळ्या गावात आता धूर निघायचा तो एकट्या गोबरगॅसवाल्याच्या घरातून. मी तसं त्यांना चिडवलंही. एरवी त्यांनी टाळी दिली असती. या वेळी चुलीत गोवरी सरकवत म्हणाले, "दंड हाय त्यो माजा."

जतच्या कणसांचं बी आक्कांच्या रानाच्या कोपऱ्यात पेरलं. पहिल्या वर्षी बराचसा दाणा पाखरांनी उचलला. दुसऱ्या वर्षी सुभेदार स्वतः गोफण घेऊन रानात उभारलेल्या माळ्यावर बसले, पण पावसाने ओढ दिली. तरी दरवर्षी थोडं थोडं रान वाढत गेलं. आक्का त्यातल्या जोंधळ्याची भाकरी त्यांना पाठवायच्या आणि ते ती जशीच्या तशी परत पाठवायचे. "आक्काचं रान पैल्यावानी भरू द्या, मग खाईन." मी म्हटलं, अहो, त्या प्रेमाने देतात. ते म्हणाले, "म्हनून तर खाववत न्हाई."

पुढे माझी बदली खंडाळ्याला झाली. शिरवळला बिऱ्हाड केलं, कामात गुंतलो. सुभेदारांना भेटायला जायचं दर दिवाळीला ठरायचं आणि राहून जायचं. ते गेल्याचं मला कळलं तेव्हा सुगी होऊन गेली होती.

मी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. घरात कुणी नव्हतं. मागे छपरात गेलो तर चूल धुमसत होती. नाक धरून कावणाऱ्या सुभेदारीणबाई तिच्यापुढे बसून फुंकणीने फुंकत होत्या आणि आक्का नव्या कणसांच्या जुड्या बांधून बांबूला अडकवत होत्या. मला बघून दोघींनी बसायला पोतं टाकलं.

आक्का म्हणाल्या, "औंदा सगळं रान भरलं. जोंधळा हुरड्यात आला तवा सुभेदार बांधावर हुबं राहून बघून गेलं. काढनी काय त्येंनी बघितली न्हाई."

मग त्यांनी शेजारचं फडकं सोडलं. आत भाकरी होती, वर लसणाची चटणी. सुभेदारांच्या वाटची भाकरी त्या रोज इथे आणत आणि दोघी मिळून खात. आज ती त्यांनी माझ्यापुढे केली. मी म्हटलं, मला भूक नाही, तुम्ही खा.

"त्येंनी खाल्ली न्हाई कवा," आक्का म्हणाल्या. "तुमी खावा. चूल फोडली तवा तुमी बी व्हता की तितं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. माझं मला आठवलं, त्या दिवशी आम्ही दोघे हसलो होतो, आणि इतकी वर्षं एकट्या सुभेदारांनी ते निस्तरलं होतं. मला काही निस्तरायचं आहे, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंही नव्हतं.

मी भाकरी हातात घेतली. सकाळी गॅसवर भाजलेली, आणि अजून मऊ होती. मी पहिला घास मोडला. आक्का जुड्या बाजूला ठेवून समोर बसल्या आणि मी सगळी भाकरी संपवेपर्यंत उठल्या नाहीत.