दोनशे चौदा हरलेल्या स्लिपा

मेणात दात बसवताना तो श्वास रोखून धरायचा. चहा पूर्ण गार झाल्याशिवाय ओठाला लावायचा नाही. फोन टेबलावर पालथा ठेवायचा आणि दर दोन मिनिटांनी उलटून बघायचा. टीव्हीवर पेनल्टी आली की त्याचे दोन्ही अंगठे आपोआप हलायचे. जिंकला की लगेच स्क्रीनशॉट काढायचा. हरला की चष्मा पुसायचा.

सगळे त्याला कप्तान म्हणत. हे नाव फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधलं. शाळेपासून तो ती गेम खेळायचा. शिक्षण संपल्यावर कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये लागला. दातांचे डॉक्टर ठसे पाठवायचे. तो त्यांत प्लास्टर ओतायचा, साचा काढायचा, एकेक दात रांगेत बसवायचा. हात सफाईदार होता.

कुठल्या खेळाडूचा वेग किती, डाव्या पायाचा नेम किती, हे त्याला आकड्यांत पाठ होतं. गेममध्ये ते आकडे चालत. मग खऱ्या मैदानावर का चालणार नाहीत? पैजा लावायचं ॲप दिसायलाही गेमसारखंच होतं. फिरणारं चक्र, लेव्हल, बिल्ले. जिंकलेल्या पैजेची स्लिप तो पैजा लावणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचा. हरलेली टाकत नव्हता. नापास झालेला पेपर भिंतीला कोण लावतं? ग्रुपमध्ये चारशे पोरंपोरी होती. कप्तान लावेल ते लावायचं, एवढंच त्यांचं काम.

एकदा त्याच्या धाकट्या बहिणीच्या कॉलेजातून आईला फोन आला. धाकटीची हजेरी कमी आहे, अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही. धाकटी फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला होती. आईने विचारलं, तर म्हणाली, बस चुकते. कप्तानने त्या संध्याकाळी ग्रुपची यादी सहज खालीवर केली आणि एका नावावर थांबला. झुरळ नऊ. लहानपणी दोघं गेम खेळायची, तेव्हा तिच्यासाठी हे नाव त्यानेच ठेवलं होतं.

ती कॉलेजच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होती.

"झुरळ नऊ म्हणजे तू?"

"ओळखलंस? मला वाटलं, मोठ्या माणसांना झुरळं दिसत नाहीत."

"लेक्चर बुडवून मॅच बघतेस?"

"जिन्यात बसून. तिथे नेटवर्क चांगलं येतं."

"बंद कर हे. मी हरतो गं. जिंकतो त्याच्यापेक्षा जास्त हरतो."

"दादा, पुड्या सोडू नकोस. ग्रुपवर तुझी एक तरी हार दाखव."

"टाकत नाही म्हणून दिसत नाही."

"मग टाक ना. सगळ्या टाक. शेवटची पडली की त्याच मिनिटाला माझं पैजेचं खातं बंद. आईची शपथ."

त्याने ॲपमधला इतिहास उघडून मोजलं. हरलेल्या दोनशे चौदा निघाल्या. परीक्षेचे फॉर्म भरायला सहा आठवडे होते. रोज पाच-सहा टाकल्या तरी जमत होतं.

पहिल्या दिवशी ग्रुप चिडीचूप. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "कप्तान, खातं हॅक झालं का?" तिसऱ्या दिवशी एकजण हसला आणि मग सगळेच सुटले. "हरण्यातसुद्धा लेव्हल आहे भावाची." "आजचा हप्ता कुठाय?" जिंकलेल्या स्लिपेला कधी मिळाले नव्हते इतके लाइक हरलेल्या स्लिपेला मिळू लागले. पंधरवड्यात ग्रुप नऊशेवर गेला.

कप्तान आता स्लिपेखाली दोन ओळी लिहू लागला. 'गोलकीपर माझ्या बाजूने होता, बॉल नव्हता.' लोक लोटपोट. दुसरी ओळ सुचेना म्हणून तो लॅबमध्ये छताकडे बघत बसायचा; दिवसाला पाचाऐवजी तीनच स्लिपा पडू लागल्या. एकदा लॅबच्या मॅडमनी त्याच्यासमोर साचा ठेवला.

"कप्तान, या आजोबांना वरचे दात खाली बसवलेत तुम्ही. जेवायचं कसं, डोक्यावर उभं राहून?"

धाकटी रोज दारातून विचारायची, "आज किती?" तो आकडा सांगायचा. ती मान हलवून जायची. ती वर्गात बसते की जिन्यात, हे त्याने विचारलं नाही.

एकशे सदतिसाव्या स्लिपेपर्यंत गंमत आटली. पुढच्या सगळ्या एकसारख्या होत्या. एक गोल कमी, एक गोल जास्त. लाइक घसरले. तेव्हा त्याने एक नवी पैज लावली. गुणतक्त्यात तळाला असलेला संघ परक्या मैदानावर तीन गोलांनी जिंकणार. ती हरायलाच लावली होती. मॅचच्या आधीच त्याने ती ग्रुपवर टाकली. 'उद्याची हार आजच बघा.' खाली प्रतिक्रियांची रांगच लागली. सगळ्यांनी उलट लावायचं ठरवलं.

तळाचा संघ तीन गोलांनी जिंकला.

कप्तानचे अंगठे स्थिर होते. फोन मात्र थांबेना. अर्धे शिव्या घालत होते, अर्धे पाया पडत होते. 'कप्तान तो कप्तानच.' 'दीड महिना वेड्यात काढलं सगळ्यांना.'

घरी धाकटी पलंगाच्या कडेला बसली होती. एक बूट पायात, एक हातात.

"मी उलट लावली होती," ती म्हणाली. "तूच म्हणालास हरणार."

"हरायलाच लावली होती."

"मग जिंकलास कशाला?"

त्याने चष्मा पुसला. तिने दुसरा बूट काढला.

"म्हणजे बाकीच्यासुद्धा तू मुद्दाम हरला होतास?"

"नाही गं."

"आता मला कसं कळणार?"

तो खोलीत गेला. फॉर्म भरायला चार दिवस उरले होते. सत्त्याहत्तर स्लिपा बाकी होत्या. एकशे अडतिसावी त्याने उघडली, कडा कापून नीट केली, खाली 'या दिवशी मी' एवढं लिहिलं. ती अजून तशीच आहे, पाठवायच्या बटणाच्या वर.