शिंप्याचा भाडेकरू

माइक चालू राहिला, एवढंच झालं. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर भोंगेवाल्यानं त्याची सालटी काढली असती. पण माइक त्याचा, भोंगे त्याचे आणि विसरभोळेपणाही घरचाच.

संध्याकाळी चौकात प्रचाराची सभा होती. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्नाची मुभा देणारा कायदा निवडून येताच रद्द करू, असं सांगणाऱ्या उमेदवाराची. भोंगेवाला सगळ्याच पक्षांना भोंगे लावून देई. दुपारी तो तारा जोडत होता, तेव्हा शिंपी डबा घेऊन आला. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दोघं कित्येक वर्षं एकत्र राहत. गल्लीच्या लेखी भोंगेवाला हा शिंप्याचा भाडेकरू.

"मतदानाआधी लग्न उरकून टाकू," भोंगेवाला म्हणाला. "कायदा गेला तर बसू बोटं मोडत."

"उरकायला ते काय बटण लावायचंय? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. तू इस्पितळात होतास तेव्हा नर्सनं विचारलं, तुम्ही यांचे कोण? मी म्हणालो, भाडेकरू. तिनं बाहेर बाकावर बसवलं. आत तू कण्हत होतास. पुन्हा त्या बाकावर बसायचं नाही मला."

शिंप्यानं डबा खाली ठेवला. चौकातली माणसं जागच्या जागी थांबली होती. पलीकडे भाजी विकणारी शिंप्याची थोरली बहीण तराजू हवेत धरून उभी. मग तिचा आवाज आला, भोंग्याशिवाय.

"अरे मेल्या, हो म्हण की! भाजी सुकतेय माझी!"

भोंगेवाल्यानं माइककडे पाहिलं. लाल दिवा लागलेला. त्याचे कानही त्याच रंगाचे झाले. तो बटणाकडे झेपावला, पण शिंप्यानं त्याचा हात धरला. जन्मभर तोंडात टाचण्या धरून दुसऱ्यांची मापं घेणारा तो माणूस माइकपाशी वाकला, खाकरला.

"हो. आणि ताई, मेल्या काय म्हणतेस? नवरदेव आहे मी."

कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं करून निघून गेलं. सभेला दुसऱ्याचे भोंगे आले. भोंगेवाला तारा गुंडाळत बसला. स्वातंत्र्यावरची कितीतरी भाषणं त्यानं आवाज वाढवून लोकांच्या कानी घातली होती. त्यातलं एक वाक्य आठवेल तर शपथ. कानात घुमत होतं ते तेवढं 'हो'.

चार दिवसांनी नोंदणी कचेरीत कारकुनानं विचारलं, "तुम्ही यांचे कोण?"

"नवरा!"

"हळू हो, मला ऐकू येतं."

मतदानाच्या दिवशी दोघं रांगेत पुढंमागं उभे होते. निकालाचं कुणी सांगावं! भोंगेवाल्याच्या अंगात लग्नातलाच कोट होता, डावी बाही अजून कच्च्या टाक्यावर.

"ही पक्की कधी करणार?"

"गिऱ्हाइकं तुंबलीत रे," शिंपी म्हणाला. "घरच्या माणसाचं काम मागंच पडतं."