कुंकू लावलेला पेनड्राइव्ह

अमीरपेटच्या गल्लीत संगणक शिकवणाऱ्या संस्था पैशाला पासरी, आणि बहुतेक संस्थांत एक 'मास्टर' पेनड्राइव्ह. सगळी सॉफ्टवेअर त्यात. आयुधपूजेला यंत्रांबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं, आणि एकदा ते लागलं की त्याच्यावर संशय घ्यायची कोणाची टाप नाही.

आता मात्र लॅब सांभाळणाऱ्या वनजाक्षीची ती टाप होती. गेल्या महिन्यात तिने स्वतःच्या हाताने त्याच पेनड्राइव्हमधून हारिका या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर, एका संगणकाच्या पोटात दुसरा चालवणारं सॉफ्टवेअर चढवलं होतं. तिसऱ्या दिवशी पोरीचं सहा महिन्यांचं प्रोजेक्ट गेलं, पाठोपाठ नोकरीची मुलाखतही. पोर रडली नाही. "राहू दे मॅडम," एवढंच म्हणाली. तेच वनजाक्षीला खात होतं.

आज अकराला नवी बॅच. साडेनवालाच मालक सांबमूर्ती गारू, म्हणजे आपले सांबमूर्तीराव, दारात उभे.

"वनजम्मा, लाव की पेनड्राइव्ह! चाळीस मशीन आहेत. अकराला लॅब तयार नसेल तर किल्ली टेबलावर ठेव आणि घरी जा."

"ठेवीन गारू. पण तो लावणार नाही."

तिने त्याच सॉफ्टवेअरचा इंटरनेटवर शोध घेतला. पहिल्याच ओळीत भलंमोठं हिरवं बटण.

"आलं की! दाब!"

"ही जाहिरात आहे. नाव कंपनीचं दिसतंय, पत्ता भलत्याचाच."

कंपनीच्या छापील पुस्तिकेतला पत्ता तिने एकेक अक्षर बघून टाइप केला आणि फाइल उतरवायला लावली. गारू येरझाऱ्या घालत राहिले. सव्वादहाला फाइल आली.

"आता तरी चढव, तल्ली, माझे आई!"

"आधी ताळा. कंपनीने साइटवर फाइलचा ताळा दिलाय, चौसष्ट अंक-अक्षरांचा. आपल्या फाइलचा तोच आला, म्हणजे ती आहे तशी आली. तुम्ही वाचा, मी बघते."

सहस्रनाम घाईत उरकावं तसं गारूंनी वाचलं. शेवटचं अक्षरही जुळलं.

"बघ! उगाच खोळंबा केलास."

वनजाक्षीने कोपऱ्यातलं, कशालाच न जोडलेलं जुनं मशीन सुरू केलं आणि त्याला पेनड्राइव्ह लावला. "त्याच आवृत्तीची फाइल यातही आहे. हिचाही वाचा."

पहिल्याच अक्षराला गारू अडले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. एक अक्षर धड जुळेना. ते खुर्चीत बसले.

"भाच्याने आणला होता," ते हळूच म्हणाले. "कुंकू मीच लावलं."

"आणि चढवलं मी."

त्यांनी पेनड्राइव्ह काढला, सवयीने डोळ्यांना लावला, मग ओशाळून कागदात गुंडाळला. "ही किल्ली तुझ्याकडेच राहू दे, अम्मा," एवढंच बोलून ते बाहेर गेले.

लॅबच्या तारांवरून नवी फाइल सगळीकडे पोचली. दहा पन्नासला चाळिसावं मशीन सुरू झालं. जिन्यात पोरांचा गलका ऐकू येऊ लागला. वनजाक्षी जिंकली होती, पण तिला आनंद झाला नाही. तिने फोन उचलला.

"हारिका, लॅपटॉप घेऊन ये. प्रोजेक्ट परत मिळणार नाही गं. पण ते कशाने गेलं ते आज कळलंय. माझ्या हाताने गेलं, आणि ते मला तुझ्या तोंडावर सांगायचंय."