सत्तावीस रिकाम्या चौकटी

फकरुद्दीन आणि मी गेली बावीस वर्षं मुरुमच्या बसस्टँडसमोर शेजारी-शेजारी दुकानं चालवतो. माझं, म्हणजे श्रीमंतचं, झेरॉक्सचं, त्याचं कॉम्प्युटरचं. आधी तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. माणूस सज्जन, हातात कला, पण एखादी गोष्ट डोक्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

त्याच्या डोक्यात बसले होते सर्व्हरचे जुने प्रोसेसर. मोठ्या कंपन्या सर्व्हर बदलतात, जुने मोडीत काढतात. त्यातला प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, फकरुद्दीन हैदराबादहून आणतो आणि घरगुती मशीनमध्ये बसवतो. खोक्यावर छापलेल्या आकड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नाही. मशीन जुळलं की त्यात पुतणीच्या शादीचं कच्चं चित्रण घालायचं आणि त्याची फिल्म तयार व्हायला किती वेळ लागतो ते मनगटावरच्या घड्याळात बघायचं, ही त्याची परीक्षा. चार कोरच्या नव्या डेस्कटॉप प्रोसेसरला अकरा मिनिटं लागली, चौदा कोरच्या जुन्या सर्व्हरवाल्याला सातच. कोर म्हणजे राबणारे हात समजा. "चौदा जण लावल्यावर रान लवकर खुरपून व्हनारच की," तो म्हणायचा. उमरग्यापासून नळदुर्गपर्यंतचे लग्नांचे व्हिडिओवाले त्याचीच मशीनं नेत आणि खूश असत. ती फिल्म मी इतक्यांदा पाहिलीय, की नवरदेवाच्या खालानं, म्हणजे मावशीनं, कितीदा ओढणी सावरली तेही सांगेन.

यंदा मार्चमध्ये जळकोटची पौर्णिमा नावाची पोरगी मशीन घ्यायला आली. पुण्याच्या एका कंपनीत ती लोखंडी शेडचे आराखडे काढायची. आईला, पुतळाबाईला, अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कुणी नाही, म्हणून पोरगी सुट्टी टाकून आलेली. कंपनीनं अट घातली होती. एक आराखडा, मजबुतीच्या गणितासकट, पुढच्या सोमवारी दुपारी बाराच्या आत घरून पाठव. जमलं तर कायमचं घरून काम, नाही तर पुण्याला परत ये. आणि परत जायचं तर आईला कुणाच्या भरवशावर टाकायचं?

"चाचा, माझ्या कामाला चालंल न्हवं?" तिनं विचारलं.

"बेटा, मुरुमात याच्याम्होरं कोन न्हाय," फकरुद्दीन म्हणाला आणि शादीची फिल्म लावून तिला सात मिनिटं मोजून दाखवली. पोरीनं मान डोलावली आणि मशीन घेऊन गेली.

शुक्रवारी तिचा फोन आला, चित्र फिरवताना अडकतंय. "नवीन हाय, बसंल हळूहळू," यानं सांगितलं. रविवारी दुपारी तिनं स्क्रीनचा फोटो पाठवला. कोण किती राबतंय ते दाखवणारी खिडकी होती ती. प्रत्येक कोरच्या दोन, अशा अठ्ठावीस चौकटी. एक काठोकाठ भरलेली, सत्तावीस रिकाम्या.

फकरुद्दीनचं तोंड एवढंसं झालं. "श्रीमंत, माजं चुकलं," तो मला म्हणाला. "हिच्या गणितात एक पायरी झाल्याबगर दुसरी सुरूच व्हत न्हाय. काम वाटून देताच येत न्हाय. एकटाच राबतोय आन् बाकीचे बांधावर बसलेत. आन् सर्व्हरचा एकेकटा हात लई मंद."

त्यानं तिची एक जुनी, लहान फाइल मागवली. तिचा प्रोग्राम घालून ती दोन्ही तऱ्हेच्या मशीनवर चालवली. सर्व्हरवाल्याला बेचाळीस मिनिटं लागली, त्याच्या स्वतःच्या दुकानातल्या डेस्कटॉपला वीस. त्याच संध्याकाळी त्यानं तिला सांगायला हवं होतं. पण लाज आडवी आली, आणि हा गप्प घरी गेला. हे मला नंतर कळलं, तेव्हा मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सोमवारी सकाळी आठला तिचा फोन आला. "चाचा, शेवटचं गणित आत्ता लावलंय. साडेबारा वाजतील म्हणून दाखवतंय."

वीस मिनिटांत आम्ही निघालो. मी गाडीवर पुढे, तो मागे, मांडीवर वाकळेत गुंडाळलेलं दुकानातलं मशीन. येणेगूरपासून हायवे लागला, पण प्रत्येक खड्ड्याला तो "हळू रे!" ओरडायचा आणि दुसऱ्या क्षणी "चल की लवकर!" म्हणायचा. मला त्याचा रागही येत होता आणि कीवही.

सव्वानऊला पोचलो. मशीन मांडलं, तिचं काम त्यावर घेतलं, साडेनऊ झाले. आता खरी पंचाईत. आधीच्या मशीनवर एक तृतीयांश गणित झालेलं होतं. तिच्या प्रोग्रामचा परवाना एका वेळी एकाच मशीनला; हे थांबवलं तर झालेलं गेलं, आणि नवं चुकलं तर साडेबाराही हातचे जाणार.

पौर्णिमा फकरुद्दीनकडे वळली. "चाचा, या बारीला मोजलंय का?"

"मोजलंय. तुज्याच फायलीवर. पर एकदाच."

तिनं डोळे मिटून जुनं बंद केलं आणि नवं सुरू केलं.

मग दोन तास तिघंही स्क्रीनवरचा आकडा सरकताना बघत बसलो. पुतळाबाई खाटेवर पडल्या पडल्या सगळ्यांची तोंडं बघत होत्या. जीभ जड झालेली, तरी त्यांनी विचारलं, "भाऊ, लेकरू... पुन्याला जातंय का?" फकरुद्दीननं त्यांचं पांघरूण सारखं केलं. त्याच्या कपातल्या चहावर साय धरली. वीज गेली तर, हा विचार मनात येई आणि मी पंख्याकडे बघे.

अकरा एकेचाळीसला गणित संपलं. अकरा अठ्ठेचाळीसला मेल गेला. बारा वीसला उत्तर आलं, उद्यापासून घरूनच काम करा. पोरीनं आईच्या पावलांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. मीही डोळे पुसले, लपवत नाही.

निघताना ती आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. खाली बघत म्हणाली, "चाचा, रागावू नका. कंपनीनं यादी दिली व्हती. या कामाला डेस्कटॉपचाच प्रोसेसर घ्या, असं लिहिलं व्हतं त्यात. पर तुम्ही एवढं मोजून दाखवलं. मोठ्या माणसाला कसं म्हनावं?"

फकरुद्दीननं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडीवर येऊन बसला. येणेगूरच्या फाट्यावर मी गाडी वळवायला हळू केली, तेव्हा म्हणाला, "आधी राग आला बघ. म्हनलं, तोंड उघडायला काय झालं व्हतं हिला? मंग ध्यानात आलं. तिनं बिचारीनं इचारलं तरी व्हतं, माज्या कामाला चालंल का म्हनून. तुजं काम काय, हे म्या कुठं इचारलं?"