बाबांच्या दिवसांत आलेला फौजी

बाबा गेले तेव्हा पासष्टची लढाई संपून थोडेच महिने झाले होते. आमच्या केळव्यातल्या घराच्या खिडक्यांना लावलेला काळा कागद अजून कोणी काढला नव्हता. अनोळखी माणूस दिसला की लगेच कळवा, असं पोलीस पाटलाने किनाऱ्यावरच्या सगळ्या गावांना सांगून ठेवलं होतं. लढाई थांबली तरी ती ताकीद कोणी मागे घेतली नव्हती. त्यात तिकडे तारापूरला वीज केंद्राचं मोठं काम निघालेलं. बोईसर स्टेशनवर उतरणाऱ्या माणसांत आता निम्मे चेहरे परके असायचे. कोण कामाला आला, कोण जमिनी बघायला आला, काही कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे संशय घेणं हे त्या दिवसांत शहाणपणाचं लक्षण मानलं जायचं आणि त्या हिशेबाने माझे काका गावातले सर्वांत शहाणे गृहस्थ होते.

बाबा वाडीत पानवेल बांधत असताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मी तेव्हा गावच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. मला वर्गातून बोलावून नेलं.

बाबा फौजी होते हे गावाला माहीत होतं, पण ते विसरायला लावण्यात बाबांनी अर्धं आयुष्य घालवलं. तरुणपणी वडिलांशी भांडून, पानाच्या करंड्या घेऊन पालघरला गेले. करंड्या गाडीत चढवल्या आणि पाठोपाठ स्वतःही चढले. भरती झाले आणि थेट ब्रह्मदेशात पोचले. मोठी लढाई संपल्यावर परत आले, बापाच्या पाया पडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीला पाणी लावायला गेले. लहानपणी मी विचारायची, “बाबा, तुम्ही लढाईत काय मारलं?” ते म्हणायचे, “डास.” पंधरा ऑगस्टला सरपंच त्यांना पुढच्या खुर्चीवर बसायला बोलवायचे. बाबा कुंपणाजवळ उभे राहायचे, झेंडा वर गेला की ताठ व्हायचे आणि खाऊ वाटायच्या आत निघून जायचे.

तर दहाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी एक माणूस आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्याला फेटा, खांद्याला पिशवी, मिशा नीट कातरलेल्या. बोलणं साताऱ्याकडचं. त्याने बाबांचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, “हेच घर न्हवं?”

काका पुढे झाले. “तुमी कोण?”

“त्यांच्या पलटणीतला. ब्रह्मदेशात आमी एका तंबूत व्हतो. बोईसरला पुतण्या कामाला हाय, त्याच्याकडं आलो व्हतो. हितं आल्यावर कळलं, गेले म्हणून.”

एवढं बोलून त्याने फेटा काढून हातात घेतला. आईने आतून मला पाण्याचा तांब्या दिला. काकांनी माझ्या हातातून तो घेतला आणि स्वतः नेऊन दिला, म्हणजे मला त्याच्याजवळ जायला नको.

तो पडवीत बसला. तेरावं होईपर्यंत राहीन म्हणाला. दुखवट्याच्या घरातून माणसाला हाकलता येत नाही, म्हणून राहिला. पण काकांनी दुपारीच मला गाठलं. “याच्यावर लक्ष ठेव. फौजी असल तर भावाच्या हयातीत का नाय आला? आता बरा आला, घरात कर्ता पुरुष नसताना. तिकडे बोईसरला जमिनी घेणारे दलाल असेच फिरतात. नायतर दुसरंच काय तरी असल.” दुसरं काय ते काकांनी सांगितलं नाही, पण समुद्राकडे बघितलं.

मला काकांचं सगळं पटत नसे, पण त्या माणसाचं वागणं मलाही खटकू लागलं. भेटायला येणारे लोक बाबांबद्दल बोलत, तेव्हा हा गप्प बसून ऐकायचा. जुना सोबती असून त्याने स्वतःहून एकही आठवण काढली नाही. उलट प्रश्न विचारायचा, आणि तेही विचित्र. “झोपंत काय बोलायचे का?” “नदीबिदीची गोष्ट काढली तर काय म्हनायचे?” “घरात कुनावर हात उगारला का कधी?” शेजारच्या आजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “गो, हा मानूस चौकशीला आला हाय का? तुझ्या बापाने काय केलंन?”

दहाव्याला काका आणि भटजी किनाऱ्यावर विधी करत होते. सगळे पुरुष तिकडे होते. हा मात्र मध्येच उठला आणि सुरूच्या बनातून खाडीकडे चालू लागला. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी लांबून लक्ष ठेवून होते, मागोमाग गेले. खाडीवर होडीवाला जाळं सुकवत बसला होता. हा त्याच्याजवळ उकिडवा बसला, विडी दिली आणि बराच वेळ बोलत राहिला. तो उठून गेल्यावर मी होडीवाल्याला गाठलं.

“काय विचारत होता?”

“तुझ्या बापाचं. माज्या होडीत बसायचा का म्हणून.”

“मग?”

“मंग काय? जे हाय ते सांगितलं. तो कदी होडीत बसलाच नाय. खाडीपलीकडं जायचं झालं तरी लांबून फिरून चालत जायाचा. हसला नाय, काय नाय. नुसता मान हलवत बसला.”

मला हे नवीन नव्हतं. बाबांना होडी लागते, असं आम्हाला सांगितलेलं होतं. पण परक्या माणसाने हीच गोष्ट हुडकून काढावी आणि ऐकून मान हलवावी, याने माझा संशय पक्का झाला. मी घरी येऊन काकांना सांगितलं. काका तडक पोलीस पाटलाकडे निघाले. आई म्हणाली, “भाऊजी, थांबा. मी विचारते त्याला.”

आई सुतकातली, पांढऱ्या लुगड्यातली, आणि तोवर चार वाक्यांपलीकडे कोणाशी बोलली नव्हती. ती पडवीत आली आणि त्याच्यासमोर खांबाला टेकून बसली. मी दारात, काका पायरीवर उभे.

“भाऊ,” आईने विचारलं, “पलटणीत तुमी यांना काय नावाने हाक मारायचात?”

त्याने बाबांचं घरचं नाव सांगितलं.

“अजून विचार करा.”

“त्येच की, वहिनी. दुसरं कुठलं?”

आई म्हणाली, “हे घरातून पळून गेले होते. सासऱ्यांना पत्ता लागू नये म्हणून भरतीला मामाचं नाव सांगितलं. पलटणीत सगळे त्याच नावाने ओळखायचे. तुमी त्यांच्याबरोबर नव्हता.”

काका दोन ढांगांत वर आले. “चल! आत्ताच्या आत्ता पाटलाकडं चल!”

तो माणूस उठला नाही. पळायलाही बघितलं नाही. मांडीवरचा फेटा घडी घालत राहिला, आणि मग आईकडे न बघता बोलला. “म्या फौजेत न्हवतो. माझा धाकटा भाऊ व्हता. सुट्टीवर आला की त्याच्या तोंडी एकच, केळव्याचा पानवाला दोस्त. नाव कधी सांगितलं न्हाई, पानवालाच म्हनायचा. पुन्यांदा गेला तो आलाच न्हाई. नदीत गेला, एवढंच सरकारनं कळवलं. मग आमच्याकडचा एक जन लढाईवरनं परत आला. तो म्हनला, दोर पानवाल्याच्या हातात व्हता. त्यानं सोडला.”

आई खांबापासून जरा पुढे सरकली.

“एवढी वर्षं का नाय आलात?” आईने विचारलं.

“आई जित्ती व्हती. ती म्हनायची, गेलास तर त्याचा जीव घेशील. गेल्या साली ती गेली. पुतण्या, थोरल्या भावाचा पोरगा, हिकडं कामाला लागला, तवा केळवं जवळ हाय हे कळलं. गावात विचारलं, फौजेतनं आलेला पानवाला कोन. लोकांनी नाव सांगितलं, आणि त्याच तोंडानं सांगितलं की गेला.” मग त्याने पहिल्यांदा आईकडे बघितलं. “खरं सांगितलं असतं तर तुमी काय बोलला नसता. म्हनून दोस्त झालो. मला फकस्त जानून घ्यायचं हाय, त्यो मानूस कसा व्हता.”

म्हणजे आम्ही त्याच्यावर लक्ष ठेवत होतो आणि तो आमच्या मेलेल्या माणसावर. माझा त्याच्यावरचा राग एका क्षणात बाबांकडे वळला. होडी लागते म्हणे! मी आईकडे बघितलं. तिला हे माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

आईने पदर सावरला. “मला त्यांनी एकदाच सांगितलं, लग्न झालं त्या वर्षी. परत कदी विषय काढला नाय. पावसात नदी फुगली होती. तराफ्यावरून पलीकडे जायचं होतं. तुमचा भाऊ मधेच पाण्यात पडला. दोराचं एक टोक त्याच्याकडे, दुसरं यांच्या हातात. ओढता येईना, पाणी त्याला खाली खेचत होतं आणि त्याच्याबरोबर तराफा कलंडायला लागला. वर बाकीची पोरं होती.”

“मंजे सोडला.”

“सोडला.” आईने आवाज खाली केला नाही.

“आमच्याकडच्यानं तराफ्याचं सांगितलं न्हाई.”

“तो तराफ्यावर होता का?”

“न्हाई. काठावर व्हता.”

वाडीतून रहाटाचा आवाज येत होता. मग त्याने विचारलं, “माझा भाऊ काय म्हनला का?”

आई म्हणाली, “‘सोड’ म्हणाला. ‘सोड, तुमी जावा’ म्हणून ओरडला.”

तो उठला, विहिरीवर गेला आणि तोंड धुऊ लागला. पोहऱ्यामागून पोहरा पाणी काढत होता आणि तोंडावर मारत होता. काका हळूच मला म्हणाले, “बघ हां, विहिरीवर काय करतो ते.” पण पाटलाकडे काही ते गेले नाहीत.

तेराव्याला तो पंगतीत बसला. मीच वाढत होते. भाताबरोबर वालाचं बिरडं होतं, तो खाली मान घालून जेवला. निघताना आईला म्हणाला, “ताई, खोटं बोलून तुमच्या घरात राहिलो. मनात ठेवू नका.” आधी वहिनी म्हणायचा, आता ताई म्हणाला, हे माझ्या लक्षात आलं. आईने त्याला केळीच्या पानात बांधून विड्याची पानं दिली.

तो वळणाआड गेल्यावर मी आईला धरलं. मला तिचाच संशय येत होता. ते ‘सोड’ तिने फार पटकन सांगितलं होतं.

“आई, बाबांनी खरंच असं सांगितलं? तो ‘सोड’ म्हणाला?”

आई सुपात तांदूळ घेऊन बसली होती. “ओरडला, एवढं सांगितलं. पाण्याच्या आवाजात काय ते ऐकू आलं नाय म्हणाले.”

“मग ‘सोड’ कुठून आलं?”

“मी म्हटलं.”

“आणि तो ‘सोडू नको’ म्हणाला असेल तर?”

“असेल,” आई म्हणाली. “तुझ्या बापाने आयुष्यभर तेच ऐकलं. आणखी एकाने कशाला ऐकायचं?”

मी तिच्यावर चिडले. मला वाटलं, त्या माणसाने इतकी वर्षं वाट बघितली आणि हातात काय पडलं, तर माझ्या आईने पडवीत बसल्या बसल्या रचलेला एक शब्द. पुढे बरीच वर्षं मला वाटायचं की त्याला पत्र लिहून खरं कळवावं. लिहिलं नाही. त्यालाही कळलं असावं, असं मला हल्ली वाटतं. दुसऱ्याचं खोटं पकडण्यात तो आमच्याइतकाच तयार होता.

वर्षश्राद्धाला तो पुन्हा आला, या वेळी बोईसरच्या पुतण्याला घेऊन. भावाचा देह मिळाला नव्हता, म्हणून त्याच्या आईने जिवंत असेपर्यंत त्याचं काहीच करू दिलं नव्हतं. माझ्या आईने भटजींना त्याचंही करायला सांगितलं. बाबांचं झाल्यावर त्याच पाटावर, त्याच समुद्राकडे तोंड करून, त्याने धाकट्या भावाच्या नावाने तीळपाणी सोडलं. बाबांच्या नावाने काकांनी सोडलं होतं. तिथेच मी पहिल्यांदा बाबांचं पलटणीतलं नावही घेतलेलं ऐकलं. आईने भटजींना दोन्ही नावं घ्यायला सांगितली होती.

तो पुढे बरीच वर्षं येत राहिला. कधी गूळ आणायचा, कधी भुईमुगाच्या शेंगा. आई पानं द्यायची. एकमेकांशी ते फारसं बोलत नसत. काका मात्र शेवटपर्यंत त्याने आणलेला गूळ आधी स्वतः चाखून बघायचे आणि मग आम्हाला खाऊ द्यायचे. म्हणायचे, “चांगला हाय मानूस. पण एकदा खोटं बोलला हाय.”