दोन सीटची गाडी आणि मानाचा नारळ

मंडळी, चार वर्षं फोटो बघत झुरले आणि शेवटी जुनी जपानी गाडी घेतलीच. टप उघडणारी, डोळ्यांसारखे दिवे वर येणारी, पण दोनच सीटची!

आज पूजा झाली, चाकांखाली लिंबं फुटली आणि मला घाम फुटला. देवळात जाताना शेजारी कोणाला बसवायचं? आईला बसवलं तर बाबा रुसणार, बाबांना बसवलं तर आई.

"मागं सीट न्हाई? मंग मी डिक्कीत बसू का?" बाबा म्हणाले.

आईने शांतपणे नारळ सीटवर ठेवला. "देवाचा नारळ पायाशी ठेवत न्हाईत. आमी रिक्षानं येतो."

मी नारळाला बेल्ट लावला. मागच्या रिक्षातून बाबा ओरडत होते, "हळू चालव, नारळ पडंल!"

आता देवळात नारळ फुटलाय. सीट रिकामी आहे आणि दोघंही गाडीच्या दाराशी उभी आहेत.

लवकर सांगा, कोणाला बसवू?